उजव्या सीटवर यंत्र बसलं तर? कॉकपिटमधल्या स्वयंचलनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानांचा नाद आहे हे एकदा लोकांना कळलं की लग्नाच्या पंगतीपासून सोसायटीच्या गच्चीपर्यंत तेच ते प्रश्न विचारले जातात. दर वेळी तोंडी उत्तरं देण्यापेक्षा ती एकदा लिहून ठेवावीत म्हणून हे पान. प्रश्न लोक विचारतात त्याच शब्दांत ठेवले आहेत.

विमान तर आपोआपच उडतं. मग पायलटला एवढा पगार कशाला?

हा प्रश्न बहुधा मामा विचारतात, आणि तोही पायलट समोर बसलेला असताना.

प्रवासी विमानाचं टेकऑफ आजही पायलट हातानेच करतो. जमिनीपासून काही शे फूट वर गेल्यावर ऑटोपायलट लावला जातो आणि पुढचा बहुतेक प्रवास त्याच्यावर होतो. 29,000 ते 41,000 फुटांच्या पट्ट्यात दोन विमानांमध्ये खाली-वर फक्त 1,000 फुटांचं अंतर असतं. तिथे उंची धरून ठेवणारा ऑटोपायलट चालू स्थितीत असणं ही अटच आहे, कारण तासन् तास तेवढ्या काटेकोरपणे उंची सांभाळणं माणसाच्या हाताला जमत नाही. लँडिंग मात्र बहुतेक वेळा पुन्हा हाताने होतं. दिल्लीत जानेवारीतलं धुकं धावपट्टी गिळून टाकतं तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा विमान स्वतः उतरतं आणि पायलट डोळ्यांत तेल घालून बघत राहतात.

पण उडवणं हे पायलटच्या कामातलं सोपं काम आहे. ढग डावीकडून टाळायचा की उजवीकडून, नागपूरला वळायचं की इंधन पुरेल, मागे कुणाच्या छातीत दुखतंय तर कुठे उतरायचं, हे ऑटोपायलटला विचारून उपयोग नाही. तो सांगकाम्या आहे. सांगितलेली उंची, सांगितलेली दिशा, सांगितलेला वेग, एवढंच त्याला कळतं. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हे ऑटोपायलट प्रकरण कधीपासूनचं?

तुमच्या पणजोबांच्या काळातलं. 18 जून 1914 रोजी पॅरिसजवळ बेझाँ इथे सेन नदीवर लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणाने दोन्ही हात वर करून विमान उडवून दाखवलं. पुढच्या फेरीत त्याचा मेकॅनिक चालत पंखावर गेला, तरी गरगर फिरणाऱ्या जायरोस्कोपांनी विमान सरळ ठेवलं. प्रवाशांना घेऊन पहिलं स्वयंचलित लँडिंग 1965 मध्ये झालं, ब्रिटनच्या ट्रायडंट विमानाचं.

तेव्हापासून कॉकपिटमधल्या खुर्च्या एकेक करून कमी होत आल्या आहेत. आधी रेडिओवाला गेला, मग नकाशे बघणारा नॅव्हिगेटर, मग फ्लाइट इंजिनिअर. राहिले दोघे, डावीकडे कॅप्टन आणि उजवीकडे को-पायलट. आता बोलणं चाललंय ते त्यातल्या दुसऱ्याबद्दल.

रोबो को-पायलट म्हणजे खरोखर हात असलेला यंत्रमानव?

एका प्रयोगात खरोखर हात होता. अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था डार्पा हिने गेल्या दशकात ‘एलियास’ नावाचा कार्यक्रम हाती घेतला. त्यात ऑरोरा फ्लाइट सायन्सेस या कंपनीने सेसना कॅराव्हॅनच्या उजव्या सीटच्या जागी एक यांत्रिक हात बसवला. कॅमेरा समोरच्या तबकड्या वाचायचा, हात कंट्रोल हलवायचा आणि डावीकडचा पायलट टॅबलेटवरून हुकूम सोडायचा. 2017 मध्ये याच यंत्रणेने बोइंग 737 च्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, विमान उतरवून दाखवलं. प्रसंग असा मांडला होता की पायलटला काही करताच येत नाही.

हातच कशाला, सरळ वायर जोडून टाकायची, असं कुणीही म्हणेल. पण जुन्या विमानाच्या वायरिंगला हात लावला की मंजुरीचं सगळं शुक्लकाष्ठ नव्याने मागे लागतं. खुर्चीत बसवलेला हात काढून ठेवता येतो आणि विमान पूर्वीसारखंच राहतं. माझ्या मते हा एक हुशार जुगाड होता, फार काळ टिकणारा नव्हे. त्याच कार्यक्रमात सिकोर्स्की या कंपनीने हाताचा नाद सोडून संगणक थेट ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरच्या कंट्रोलला जोडला आणि 5 फेब्रुवारी 2022 रोजी केंटकी राज्यातल्या फोर्ट कॅम्पबेल इथे ते अर्धा तास आत एकही माणूस नसताना उडालं. दक्षिण कोरियातले संशोधक ‘पायबॉट’ नावाचा माणसाच्या आकाराचा यंत्रमानव बनवताहेत. बघायला मजा येते. पण माणसाच्या बोटांसाठी बनवलेली बटणं दाबायला यंत्राला पुन्हा बोटं लावणं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

पायलट बेशुद्ध पडला तर?

यंत्राचं खरं पुण्य इथे आहे. छोट्या विमानांसाठी गार्मिन कंपनीची ‘ऑटोलँड’ यंत्रणा 2020 मध्ये मंजूर झाली. घाबरलेल्या प्रवाशाने एक बटण दाबायचं. विमान जवळचा योग्य विमानतळ शोधतं, हवामान बघतं, रेडिओवर स्वतःच्या आवाजात कंट्रोल टॉवरला कळवतं, चाकं काढतं, उतरतं, ब्रेक लावतं आणि इंजिनं बंद करतं. कुणी प्रतिसाद देत नसेल तर बटणाची वाटही बघत नाही. डिसेंबर 2025 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरजवळ एक किंग एअर विमान याच यंत्रणेने धावपट्टीवर आणलं.

अशी सोय नसलेल्या काळातलं उदाहरण ग्रीसचं आहे. 14 ऑगस्ट 2005 रोजी हेलिओस या विमान कंपनीच्या 737 मध्ये हवेचा दाब राहिला नाही आणि पायलट बेशुद्ध झाले. ऑटोपायलटला त्याची गंधवार्ता नव्हती. त्याने विमान ठरल्या वाटेने अथेन्सपर्यंत आणलं आणि इंधन संपेपर्यंत आकाशात घिरट्या घातल्या. 121 जण गेले. सांगितलेलं काम त्याने चोख केलं होतं.

पायलटने यंत्राचं ऐकायचं की माणसाचं?

या प्रश्नाचं उत्तर दोन टकरींनी लिहिलं आहे.

पहिली आपल्याकडची. 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर सौदीचं 747 आणि कझाकस्तानचं इल्युशिन हवेत एकमेकांवर आदळली. 349 माणसं गेली. त्यानंतर भारताने टकरीची आगाऊ सूचना देणारी ‘टीकॅस’ यंत्रणा सक्तीची केली. दोन विमानं जवळ आली की त्यांच्यातल्या यंत्रणा आपसात बोलून एका विमानाला ‘वर जा’ आणि दुसऱ्याला ‘खाली जा’ सांगतात.

दुसरी टक्कर 1 जुलै 2002 च्या रात्रीची, जर्मनीतल्या युबरलिंगेनवरची. इथे दोन्ही विमानांत टीकॅस होतं आणि ते बरोबर बोलत होतं. रशियन विमानाला ते ‘वर जा’ सांगत होतं, पण जमिनीवरच्या कंट्रोलरने ‘खाली या’ सांगितलं. पायलटने माणसाचं ऐकलं. समोरून येणाऱ्या मालवाहू विमानाने यंत्राचं ऐकलं आणि तेही खालीच आलं. 71 जणांचा जीव गेला, त्यातले बहुतेक सुट्टीला निघालेली मुलं होती. त्यानंतर जगभर नियम निःसंदिग्ध झाला: टीकॅस आणि कंट्रोलर यांचं जमत नसेल तर टीकॅसचं ऐका.

यात शिकण्यासारखं आहे ते हे की यंत्र चांगलं असणं पुरेसं नाही. मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी ठरलेलं लागतं.

पण यंत्रामुळेच अपघात झालेत, त्याचं काय?

झालेत, आणि त्यांच्याबद्दल जरा सविस्तरच बोलायला हवं.

14 फेब्रुवारी 1990. मुंबईहून बंगळूरला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-320. विमान अवघं दोन महिन्यांचं, दिवस लख्ख, यंत्रात बिघाड नाही. उतरताना विमान ‘ओपन डिसेंट’ नावाच्या मोडमध्ये होतं. त्यात इंजिनं किमान शक्तीवर राहतात. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात जे मोड हवं ते हे नव्हे. वेग घसरत गेला, उंचीही. इंजिनांना शक्ती मिळत नाहीये हे दोघांच्या ध्यानात आलं तोवर फार उशीर झाला होता. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आपटलं. 146 पैकी 92 जण दगावले. तेवीस वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत एशियाना कंपनीचं 777 विमान जवळपास याच वाटेने गेलं. इंजिनांची शक्ती आपोआप कमी-जास्त करणारा ऑटोथ्रॉटल वेग सांभाळतोय असा पायलटांचा समज होता आणि तो सांभाळत नव्हता.

याच्या उलट जातीचा अपघात एअर फ्रान्स 447 चा. 1 जून 2009, रिओहून पॅरिसकडे, अटलांटिकवर काळोखी रात्र. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साचला, वेगाचे आकडे विसंगत झाले आणि ऑटोपायलटने हात वर केले. कॅप्टन विश्रांतीला गेले होते. सहवैमानिकाने विमानाचं नाक वर खेचलं आणि ते जवळजवळ तसंच धरून ठेवलं. पंखांची उचल गेली, म्हणजे विमान स्टॉल झालं. स्टॉलचा इशारा वाजत होता, पण वेगाचा आकडा अगदीच खाली गेला की संगणक तो आकडा खोटा धरायचा आणि इशारा बंद व्हायचा. पायलट नाक थोडं खाली करी, म्हणजे योग्य गोष्ट करी, तेव्हा आकडा पुन्हा खरा वाटू लागे आणि इशारा परत वाजे. बरोबर केलं की ओरडा, चूक केली की शांतता. ऑटोपायलट सुटल्यापासून समुद्रावर आदळेपर्यंत साडेचार मिनिटंही गेली नाहीत. 228 माणसं. त्या नळ्या काही वेळाने पूर्ववत झाल्या होत्या, ही यातली सर्वांत सलणारी गोष्ट.

आणि तिसरी जात बोइंग 737 मॅक्स विमानाची. ऑक्टोबर 2018 मध्ये जकार्ताजवळ आणि मार्च 2019 मध्ये अदिस अबाबाजवळ, मिळून 346 बळी. ‘एमकॅस’ नावाची आज्ञावली एकाच सेन्सरवर विसंबून विमानाचं नाक पुन्हा पुन्हा खाली दाबत होती. पायलटांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. पहिल्या दोन उदाहरणांत पायलटची चूक काढता तरी येते. इथे घरात कुणीतरी राहतंय हे घरमालकालाच सांगितलेलं नव्हतं.

ऐन वेळी पायलट ताबा घेईल की! त्यात एवढं अवघड काय?

रात्री तीनला कुणी तुम्हाला गदागदा हलवून उठवलं आणि हातात घाटातल्या एसटीचं स्टिअरिंग दिलं, असं समजा. गाडी कितव्या गिअरमध्ये आहे, ब्रेक लागतोय का, पुढचं वळण कुठलं, काही माहीत नाही. वरून भोंगा वाजतोय.

यंत्र सोपं काम स्वतःकडे ठेवतं आणि त्याला झेपत नाही ते माणसाच्या गळ्यात टाकतं, तेही सर्वांत वाईट क्षणी. ज्याने महिनोन् महिने वर विमान हाताने उडवलेलंच नाही, त्याच्याकडून त्या क्षणी सर्वोत्तम उड्डाणाची अपेक्षा असते. वर लिहिलेले अपघात नीट पाहिले तर ते शुद्ध यंत्राचेही नाहीत आणि शुद्ध माणसाचेही नाहीत. ते देण्या-घेण्यातले आहेत. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाताना विमान निसटलं.

म्हणून मला अमेरिकन एफ-16 लढाऊ विमानांतली, 2014 पासून वापरात असलेली ‘ऑटो जीकॅस’ यंत्रणा आवडते. पायलट शुद्ध हरपून जमिनीकडे झेपावत असेल तर ती अगदी शेवटच्या क्षणी विमान वर खेचते, सरळ करते आणि ताबा परत देते. एरवी ती तोंड उघडत नाही. तिच्यामुळे घरी परतलेले पायलट आहेत.

मग दोनऐवजी एकच पायलट का नको? दुसरं यंत्र.

कंपन्यांना हवंय, कारण पगार वाचतो. मोहिनी समजू शकतो. पण युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने लांबच्या उड्डाणात एकाच पायलटला कॉकपिटमध्ये ठेवण्याच्या कल्पनेचा अभ्यास करवला आणि 2025 मध्ये निष्कर्ष आला तो असा की आजच्या दोन पायलटांइतकी सुरक्षितता या पद्धतीत पुरेशी सिद्ध करता येत नाही. झोप, अचानक आजारपण, एकमेकांची चूक पकडणं, सगळं तिथेच येऊन अडलं.

दुसरा पायलट म्हणजे नुसते आणखी दोन हात नव्हेत. तो ‘सर, हे बरोबर नाही’ म्हणणारा माणूस आहे. यावर लोक लगेच मंगळूरचं उदाहरण देतात, आणि ते बरोबरच आहे. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेल्या विमानाचे कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपले होते. विमान फार उंचावरून धावपट्टीवर येऊ लागलं. सहवैमानिकाने एकदा नव्हे, अनेकदा ‘गो अराउंड’ म्हटलं, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला. जमिनीचा इशारा देणारं यंत्रही ‘पुल अप’ ओरडत होतं. माणूस सांगत होता, यंत्र सांगत होतं, ऐकणारा ऐकत नव्हता. 158 जण गेले.

मंगळूरच्या कॉकपिटमध्ये यांत्रिक हात असता तर? निव्वळ सांगकाम्या असता तर त्याने कॅप्टन सांगेल तेच केलं असतं. हवा होता तो ‘नाही’ म्हणू शकणारा. माझं मत विचाराल तर यंत्राला तिसरा गडी म्हणून घ्यावं: चेकलिस्ट वाचायला, वेग-उंचीवर नजर ठेवायला, दोघांनी दुर्लक्ष केलं तर न संकोचता बोलायला. ज्येष्ठ-कनिष्ठ ही भानगड त्याला कळत नाही, हा आपल्यासारख्या ‘साहेब’ म्हणणाऱ्या देशात मोठाच गुण. दुसऱ्या पायलटच्या जागी नको.

पायलट मुद्दाम वाईट करत असेल तर यंत्राने त्याला अडवावं का?

24 मार्च 2015 रोजी जर्मनविंग्ज या विमान कंपनीच्या सहवैमानिकाने कॅप्टन बाहेर गेल्यावर दार लावून घेतलं आणि ऑटोपायलटला उंची दिली 100 फूट. खाली आल्प्स होते. यंत्राने ती आज्ञा पाळली. 150 बळी. डोंगर कुठे आहेत हे ज्या विमानाला ठाऊक असतं त्याने ‘एवढं खाली मी जाणार नाही’ म्हणायला काय हरकत आहे, असं कुणालाही वाटेल. पण तोच नकार चुकीच्या सेन्सरवरून आला की त्याचं नाव मॅक्स.

अहमदाबादच्या 12 जून 2025 च्या अपघाताबद्दलही हे विचारलं जातं. प्राथमिक अहवालात एवढंच आहे की उड्डाणानंतर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने ‘कटऑफ’कडे गेले, एका पायलटने ‘का बंद केलंस’ असं विचारलं, दुसरा ‘मी नाही’ म्हणाला, आणि स्विच परत चालू केल्यावर इंजिनांच्या संगणकांनी आपोआप ती पुन्हा पेटवायला सुरुवात केली. उंचीच उरली नव्हती. कारण त्या अहवालाने ठरवलेलं नाही, मग व्हॉट्सॲपवरच्या काकांनी ठरवू नये.

हडसन नदीत विमान उतरवणं यंत्राला जमलं असतं?

15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कवर पक्ष्यांमुळे दोन्ही इंजिनं गेल्यावर कॅप्टन सुलेनबर्गर यांनी साडेतीन मिनिटांत 155 जणांना सुखरूप पाण्यावर उतरवलं. नंतर सिम्युलेटरमध्ये कळलं की पक्षी आदळताच त्याच क्षणी मागे वळलं असतं तर विमानतळ गाठता आला असता, पण विचार करायला 35 सेकंद धरले की नाही. यंत्राला ते 35 सेकंद लागले नसते. मात्र दाट वस्तीवरून जाणारी ती पैज लावायची की नदी पत्करायची, हे त्याला कुणी शिकवलं असतं? आणखी एक गंमत: ते विमान ए-320 होतं, आणि नाक वर धरून हळूहळू उतरताना त्याच्या संगणकांनी ते स्टॉल होऊ दिलं नाही. कौतुकाचे हार एकट्याच्या गळ्यात पडले.

चॅटबॉटसारखं एआय विमान उडवणार का?

नाही. विमानाच्या कंट्रोलमधल्या आज्ञावलीने त्याच परिस्थितीत दर वेळी तेच करायला हवं आणि ते आधी सिद्ध करून दाखवावं लागतं.

हॅक झालं तर?

हॅकरपेक्षा जास्त काळजी जीपीएसची करा. अमृतसर आणि जम्मूच्या बाजूला खोट्या जीपीएस संदेशांमुळे विमानाला आपण कुठे आहोत याचाच भ्रम होण्याचे प्रकार घडले आहेत. आणि एक शत्रू सूर्यही आहे. 2025 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत एका ए-320 चं नाक अचानक खाली गेलं. तीव्र सौर प्रारणाने कंट्रोल संगणकातली माहिती बिघडू शकते, असं एअरबसने सांगितलं आणि नोव्हेंबरअखेरीस जगभरातल्या सुमारे 6,000 विमानांची आज्ञावली बदलायला लावली. आपल्याकडच्या तीनशेहून अधिक विमानांचं काम इंजिनिअरांनी शनिवार-रविवार जागून उरकलं.

मुलीला पायलट व्हायचंय. ती शिकून बाहेर पडेपर्यंत नोकरी उरेल का?

उरेल. गोंदियाला किंवा आणखी कुठे जाऊन 200 तास उडवून कमर्शिअल लायसन्स घेऊ द्या. फक्त तिला सांगा की मोकळ्या हवेत, स्वच्छ दिवशी, कंपनीचे नियम परवानगी देत असतील तेव्हा ऑटोपायलट काढून हाताने उडवायची सवय सोडू नकोस. आणि यंत्र आत्ता कुठल्या मोडमध्ये आहे ते मोठ्याने वाचायची लाज बाळगू नकोस. बंगळूरला तेवढंच राहून गेलं होतं.

विमान सुटण्याआधी पोटातून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज येतो. तो रोबो का?

तो ए-320 चा पीटीयू. एका बाजूच्या हायड्रॉलिकचा दाब कमी पडला की दुसऱ्या बाजूच्या दाबावर चालणारा पंप. निर्धास्त झोपा.